‘देक्तोस’ : स्वीकृत की स्वीकार्य?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातील ‘देक्तोस’ या ग्रीक विशेषणाचा अर्थ पुष्कळदा ‘स्वीकार्य’ असा दिला जातो. एखादी गोष्ट चालण्यासारखी आहे, एवढाच त्याचा आशय आहे का? आणि प्रेषितांची कृत्ये १०:३५ येथे तो नेमका कसा घ्यावा?

उत्तर : ‘देखोमाइ’ म्हणजे घेणे, पत्करणे, पाहुण्याला घरात घेणे, ‘देक्तोस’ हे याच क्रियापदापासून झालेले विशेषण आहे. त्यातील ‘तोस’ हा प्रत्यय संस्कृतातील ‘क्त’ प्रत्ययाचा सख्खा भाऊबंद असला, तरी ग्रीकमध्ये तो दोन कामे करतो. संस्कृतात ‘स्वीकृत’ आणि ‘स्वीकार्य’ अशी दोन रूपे जिथे लागतात, तिथे ग्रीकचे एकच रूप पुरते. त्यामुळे नुसत्या व्याकरणावरून अर्थ ठरत नाही; तो वाक्यावाक्यात पाहावा लागतो.

या शब्दाचे मूळ घर म्हणजे यज्ञवेदी. जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात, १:३-४ मध्ये, होमार्पणाचा विधी सांगताना हिब्रूत ‘रात्सोन’, म्हणजे मर्जी किंवा प्रसन्नता, हा शब्द आहे आणि सेप्टुआजिंट या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने त्याच्या जागी ‘देक्तोस’ योजला आहे. पशू निर्दोष असावा अशी अट आहेच, पण तो स्वीकारला जाणे हे अखेर घेणाऱ्याच्या प्रसन्नतेवर अवलंबून आहे. आजच्या मराठीत अट स्वीकार्य असते, तडजोड स्वीकार्य असते. तिथे प्रसन्नतेचा लवलेशही नसतो. कोकणातल्या गाऱ्हाण्यात देवाला ‘ही सेवा गोड मानून घे’ असे विनवतात, त्यातला भाव मला ‘देक्तोस’च्या कितीतरी अधिक जवळचा वाटतो. फिलिप्पै नगरातील ख्रिस्ती मंडळीने पाठवलेल्या देणगीला प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पत्रात याच अर्थाने ‘देक्तोस’ यज्ञ म्हणतो (४:१८) आणि लगेच पुढे ‘एउआरेस्तोस’, म्हणजे देवाला संतोष देणारा, हे दुसरे विशेषण जोडतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हा शब्द दोनदा येतो, आणि ते दोन्ही प्रयोग एकत्र वाचले पाहिजेत. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाच्या ग्रंथातून परमेश्वराचे ‘देक्तोस’ वर्ष घोषित करणारा उतारा वाचतो (४:१९), आणि थोड्याच वेळात म्हणतो की कोणताही संदेष्टा स्वतःच्या गावी ‘देक्तोस’ नसतो (४:२४). मत्तय आणि मार्क यांनी हेच वचन देताना सन्मानाचा शब्द वापरला आहे. देवाने प्रसन्नतेचे वर्ष द्यावे आणि ते सांगणाऱ्यालाच गावाने पत्करू नये, हा विरोध केवळ लूकच्या शब्दयोजनेतून उभा राहतो. म्हणून भाषांतरात दोन्हीकडे एकाच धातूचे रूप असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आता आपल्या वचनाकडे. कैसरियात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की कोणत्याही राष्ट्रातला जो मनुष्य देवाचे भय बाळगतो आणि नीतीने वागतो, तो त्याला ‘देक्तोस’ आहे. येथे ‘स्वीकृत’ घेतले, तर कर्नेल्याचे तारण आधीच झाले होते असा अर्थ निघू शकतो; पण ज्या शब्दांनी त्याचे तारण होईल ते पेत्र येऊन सांगणार होता, असे ११:१४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. शिवाय या प्रसंगाआधी पेत्राला शुद्ध-अशुद्ध प्राण्यांचा दृष्टांत झालेला आहे. परराष्ट्रीय म्हणून कोणी देवाला वर्ज्य नाही, हा त्या दृष्टांताचा रोख लक्षात घेता येथे ‘ग्राह्य’ हा शब्द मला योग्य वाटतो.

पुरवणी प्रश्न : ‘एउप्रोस्देक्तोस’ हा निराळा शब्द मानावा का?

उत्तर : धातू तोच, जोर अधिक. २ करिंथ ६:२ मध्ये पौल यशयाच्या वचनातला ‘देक्तोस’ काळ आधी उद्धृत करतो आणि तो काळ आताच आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगताना ‘एउप्रोस्देक्तोस’ वापरतो. पहिल्या ठिकाणी ‘प्रसन्नतेचा समय’ म्हटले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘परम प्रसन्नतेचा समय’ म्हणता येईल.