स्टीव्ह अर्लचा सोलो लाइव्ह अल्बम, नुसत्या गिटारवर एवढा वेळ ऐकवतं का?

गोदाकाठ_गिटार (नाशिक):

मंडळी एक मदत हवीये. मी मुळात ब्लूज आणि थोडं जुनं रॉक ऐकणारा, कंट्री म्हटलं की टोपी, घोडे आणि रडगाणी एवढंच डोक्यात होतं. मग कोणीतरी स्टीव्ह अर्ल ह्या अमेरिकन गायकाचं कॉपरहेड रोड ऐकवलं आणि येडाच झालो राव, ती सुरुवातीची बॅगपाइपसारखी धून, मग मँडोलिन, मग ड्रम्स धाडकन येतात, कसारा घाटात गाडीत लावून बघा एकदा. त्याच नादात त्याचं बाकीचं शोधत होतो तर २०२४ चा अलोन अगेन (लाइव्ह) सापडला. ह्यात त्याचा बँड नाहीच, द ड्यूक्सना सुट्टी, एकटा म्हातारा स्टेजवर आणि समोर पब्लिक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं सांगतो जरा रिकामं रिकामं वाटलं, आवाज पण घोगरा झालाय.

दोन प्रश्न. एक म्हणजे हा अल्बम पुढे चढत जातो का की फक्त जुन्या फॅन लोकांसाठी आहे? आणि दुसरं, आम्ही काही जण गंगापूर रोडला एका कॅफेत अधूनमधून जमून वाजवतो, त्यात एकाचं ठाम मत आहे की हा माणूस गाण्यात राजकारण आणतो आणि गाणं नासवतो. आता मला अमेरिकेचं राजकारण घंटा कळत नाही, तर ते कळल्याशिवाय ह्याला ऐकण्यात अर्थ आहे का?

सातपूर_ते_नॅशव्हिल:

भाऊ रिकामं वाटलं कारण तू ड्रम्सची वाट बघत ऐकलंस. ही रेकॉर्डिंगं त्याच्या २०२३ च्या सोलो टूरमधली आहेत, तेव्हा हा माणूस ६८ वर्षांचा. आता थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे आवाज घोगरा का ते कळेल. पोरगा वाढला टेक्सासात सॅन अँटोनिओजवळ, विशीत जायच्या आधीच नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या पंढरीला पळाला, तिथे टाउन्स व्हॅन झँट आणि गाय क्लार्क ह्या दोघांच्या मागे मागे फिरून गाणं लिहायला शिकला. १९८६ ला गिटार टाउन आला आणि एकदम स्टार, १९८८ ला कॉपरहेड रोड, आणि मग हेरॉइन. १९९४ ला जेलमध्ये गेला. बाहेर आला तो सुधारून आला, आणि १९९५ ला ट्रेन अ कमिन केला तो पण अकूस्टिकच, पण तिथे सोबतीला नॉर्मन ब्लेक, पीटर रोवन असली तगडी माणसं होती. म्हणजे बिनड्रम्सचं हे त्याला नवीन नाही, उलट तो मुळात तिथलाच आहे, एकट्याने छोट्या क्लबात वाजवून वर आलेला.

राजकारणाचं म्हणशील तर तो लपवत नाहीच. स्वतःला सरळ समाजवादी म्हणवतो, फाशीच्या शिक्षेविरुद्ध वर्षानुवर्षं बोलतोय. पण नुसता बोलत नाही. टेक्सासच्या एका कैद्याशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि १९९८ ला त्या कैद्याला मृत्युदंड दिला तेव्हा त्याच्याच विनंतीवरून हा साक्षीदार म्हणून तिथे हजर राहिला. त्यावरून जे गाणं केलं ते मरणाऱ्याच्या तोंडून आहे, त्यात कुठेही घोषणा नाही, भाषण नाही. तुमच्या कॅफेवाल्या मित्राला तेवढं ऐकवा आणि मग विचारा काय नासलं ते.

मोनोच_बरा:

मी जरा उलटं बोलतो, चालेल ना. अल्बम वाईट नाही पण इथे उगाच डोक्यावर घेऊ नका. गॉलवे गर्लसारखं गाणं मूळ रेकॉर्डिंगमध्ये शॅरन शॅननचं अकॉर्डियन घेऊन उभं आहे, ते काढलं की निम्मा जीव जातो, पब्लिक टाळ्या वाजवून भरून काढतं पण ते हॉलमध्ये बसलेल्याला, घरी हेडफोन लावून बसलेल्याला नाही. आणि नवीन माणसाने लाइव्ह अल्बमपासून सुरुवात करूच नये असं माझं मत, मूळ माहीत नसेल तर त्याने काय बदललं ते कसं कळणार?

मात्र एक गाणं सोडून. इट्स अबाउट ब्लड. ते मूळ २०२० च्या घोस्ट्स ऑफ वेस्ट व्हर्जिनियामधलं. (जाता जाता, तो अल्बम मुद्दाम मोनोत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असा मिक्स केलाय कारण तोवर त्याला एका कानाने नीट ऐकू येईना, म्हणे मला स्टीरिओ कळतच नाही तर करू कशाला. माझं नाव तिथूनच.) ५ एप्रिल २०१० ला वेस्ट व्हर्जिनियात अप्पर बिग ब्रँच कोळसा खाणीत स्फोट होऊन २९ कामगार गेले, त्यावरच्या नाटकासाठी त्याने ही गाणी लिहिली आणि स्टेजवर बसून स्वतः म्हटली. गाण्याच्या शेवटी तो त्या माणसांची नावं घेतो. एकामागून एक, पूर्ण नावं. तेवढ्यासाठी अल्बम घ्या.

गोदाकाठ_गिटार:

ते गाणं मी स्किप केलं होतं मध्येच 😐 परत लावतो. पण मोनोभाऊ तुम्हीच सांगा, खाण कुठली, कंपनी कुठली, गव्हर्नर कोण, आपल्याला काय घेणं? नाशकात बसून मी त्यात नक्की काय ऐकायचं?

सिन्नरची_लेक:

दादा हे तुम्ही नाशिकचे होऊन विचारताय म्हणून लिहिते नाहीतर मी इथे वाचूनच जाते. आपल्या जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात देशवंडी गाव आहे, तिथले वामनदादा कर्डक. १९२२ चा जन्म. आयुष्यभर गावोगाव फिरून आंबेडकरी गाणी म्हणत हिंडले, सोबत काय असायचं तर थोडीफार वाद्यं आणि आवाज. त्यांच्या गाण्यातलं राजकारण बाजूला काढून ठेवा आणि मग उरलेलं गाणं दाखवा मला! नाही होणार. आणि तरी ज्याला काळाराम मंदिराचा सत्याग्रह कधी झाला ते माहीत नाही तो पण ऐकताना हलतो.

माझे वडील अंबडला एमआयडीसीत कामाला होते, गेट मीटिंगला एक जण डफ घेऊन यायचा, भाषणं चालू असेपर्यंत अर्धी माणसं तंबाखू मळत उभी असायची पण डफावर थाप पडली की हात थांबायचे. अर्लचं ते खाणीचं गाणं मला पहिल्या ऐकण्यातच कळलं, कंपनीचं नाव नंतर शोधलं. तिच्या सीईओला पुढे खाणसुरक्षेच्या नियमभंगाचा कट केल्याबद्दल एक वर्षाची जेल झाली, २९ माणसांमागे एक वर्ष, हा हिशोब कळायला अमेरिकेचं राजकारण कशाला कळायला पाहिजे.

आणि त्या घोस्ट्स अल्बमबद्दल अर्ल स्वतः म्हणाला होता की जे माझ्यासारखं मत देत नाहीत त्यांच्याशी मला बोलायचंय. खाणवाल्या पट्ट्यातली माणसं त्याच्या विरुद्ध बाजूला मत देणारी, हे त्याला चांगलं माहीत होतं. म्हणून तर त्यांना शहाणपण शिकवत बसला नाही, त्यांच्या मेलेल्यांची नावं घेतली.

मोनोच_बरा:

ताई तुम्ही वाचूनच जात जाऊ नका, लिहीत जा.

पण एक सांगतो, दर वेळी त्याला हे जमलंय असं नाही हां. २००४ चा द रेव्होल्यूशन स्टार्ट्स नाऊ, ग्रॅमी मिळालं त्याला, पण इराक युद्ध आणि निवडणुकीच्या घाईत केलेला, त्यातली काही गाणी आज ऐकताना जुना पेपर वाचल्यासारखी वाटतात. २००२ ला तालिबानकडून लढताना पकडलेल्या अमेरिकन पोराच्या तोंडचं गाणं केलं त्यावर केवढा गदारोळ झाला, लोक देशद्रोही म्हणाले, पण ते गाणं टिकलं. कारण तिथे माणूस आहे. कॅफेवाल्या मित्राचं म्हणणं त्यामुळे अगदीच फेकून देऊ नका, अर्धं बरोबर आहे त्याचं.

सातपूर_ते_नॅशव्हिल:

हे मान्य. कॉपरहेड रोड पण बघा ना, आजोबा चोरून दारू गाळायचे, बाप ती गाडीने शहरात पोचवायचा, पोरगा व्हिएतनामला दोनदा जाऊन आला आणि आता त्याच डोंगरात गांजा लावतो. गरिबाचीच पोरं युद्धावर जातात हे अख्खं राजकारण एका ओळीत उरकलंय आणि बारमध्ये लोक त्यावर नाचतात. टेनेसीने २०२३ ला ते राज्यगीतांत पण घातलं, गांजावाल्याचं गाणं! सोलोमध्ये ड्रम्स नाहीत म्हणून शब्द पुढे येतात, तेव्हा ही गोष्ट नीट कळते. मला तरी ह्या अल्बमचं मोल तेवढ्यातच वाटतं, बाकी आवाज घोगरा तर घोगरा.

वाजवण्याबद्दल तू विचारलं नाहीस पण कॅफेत बसता म्हणून सांगतो. अर्लचा गिटारवरचा अंगठा बघ. जाड तारांवर बेस चालूच राहतो, तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात तिथे टेकवून आवाज थोडा दाबलेला, म्हणजे ड्रम्सचं काम अंगठ्याकडे आणि सूर बाकीच्या बोटांकडे. गाताना अंगठा एकदाही अडखळत नाही, शिकायचं ते एवढंच. मार्टिन ह्या गिटार कंपनीने त्याच्या नावाचं एम-२१ मॉडेल काढलं होतं, रुंद पण कमी जाडीचं, कारण मोठ्या पोटाच्या गिटारला माइकसमोर बेस घुमतो. तुमच्या कॅफेत पण हाच प्रॉब्लेम असणार.

गोदाकाठ_गिटार:

असतोच, घुमून घुमून डोकं उठतं. माझी ड्रेडनॉटच आहे, तीच मोठ्या पोटाची, नवीन घ्यायला पैसे नाहीत 😅

परत ऐकलं काल रात्री, आधी घोस्ट्समधलं मूळ आणि मग हे लाइव्ह, मोनोभाऊंच्या क्रमाने. नावं सुरू झाली तेव्हा पब्लिक पण गप्प आहे ते आधी लक्षातच आलं नव्हतं. मित्राला पाठवलंय, त्याचं उत्तर आलं की "गाणं भारी आहे पण राजकारण नाहीये ह्यात". आता ह्याला काय बोलू.

सिन्नरची_लेक:

काही बोलू नका, वामनदादांची लिंक पाठवा 😄

सातपूर_ते_नॅशव्हिल:

ड्रेडनॉट चालेल रे, साउंडहोलला, म्हणजे गिटारच्या मधल्या भोकाला रबरी झाकण मिळतं ते लाव आणि मिक्सरवर बेस खाली घे. नाहीच जमलं तर मेन रोडला जाऊन वाद्यांच्या दुकानात विचार.