लांब लेन्स घरी ठेवा (आणि मग खुशाल भांडा)

(एका छायाचित्रण मंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

पायरस्ता

रोजच्या फेरफटक्याला, मग तो पायी असो, सायकलवर असो की होडीतून, मोठी टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी लांब) लेन्स नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. १५० ते ६०० मिमीची झूम लेन्स (हे मिमी म्हणजे फोकल लेंथ; आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ दिसतं) सहज दोन किलो भरते. ती गळ्यात आली की फेरफटका संपला, मोहीम सुरू झाली. मोहिमेला निघालेल्या माणसाला शिकार लागते. पक्षी दिसला नाही तर 'आज काहीच नव्हतं' म्हणत तो घरी येतो. वाटेत ऊन होतं, ढग होते, गवतावर दव होतं, नदीचं पाणी हातभर चढलं होतं, हे सगळं त्याच्या लेखी 'काहीच नव्हतं'.

दुसरं, आकड्यांतच सांगतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप, जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढी असते) ६०० मिमीच्या लेन्सला समोरच्या जगाचा जेमतेम ४ अंशांचा तुकडा दिसतो. ३५ मिमीला ६३ अंश. चार अंशांत जागा मावत नाही. म्हणून तर ते सगळे फोटो सारखे दिसतात: काडीवर पक्षी आणि मागे हिरवा धूर, म्हणजे अस्पष्ट झालेली पार्श्वभूमी. कुठे काढला, कोणत्या ऋतूत, त्या दिवशी वारा होता का, काही कळायला मार्ग नाही. फेरफटक्याच्या फोटोत फेरफटका दिसायला हवा की नको?

सायकलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला चार मीटर. काहीतरी दिसलं, 'थांबू का?' असा विचार करेपर्यंत तुम्ही दहा-बारा मीटर पुढे गेलेले असता. ब्रेक मारून, मागे वळून, बॅग उघडून, भलीमोठी लेन्स चढवणार कोण? छातीशी पट्ट्यात अडकवलेला छोटा कॅमेरा असेल तरच माणूस थांबतो. हे काही माझं नवं संशोधन नाही. १८८८ साली कोडॅकने हातात मावणारा रोल फिल्मचा कॅमेरा आणला आणि पुढच्याच दशकात सायकलला अडकवायच्या पेट्यांसकट तो सायकलस्वारांना विकला. घराबाहेर पडून साधेसुधे फोटो काढायचा छंद सायकल आणि छोटा कॅमेरा या जोडीनेच वाढवला.

एक छोटा कॅमेरा, एकच लेन्स, २८ ते ५० मिमीच्या मधली कुठलीही. नाहीतर सरळ फोन. बस.

खंड्यावाली

पूर्ण असहमत. आणि माझा मुद्दा सोयीचा नाही, पक्ष्याच्या जिवाचा आहे.

तुम्ही लेन्स घरी ठेवलीत म्हणून पक्षी जवळ येणार नाही. मग लोक काय करतात? स्वतः जवळ जातात. हातात फोन धरून घरट्याकडे सरकणारी माणसं मी जितकी पाहिली आहेत, त्याच्या निम्मीसुद्धा मोठ्या लेन्सवाली पाहिलेली नाहीत.

तुम्हाला आकडे आवडतात तर घ्या. ३० सेंटिमीटरचा पक्षी १० मीटरवर बसलाय. ६०० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा १८ मिमी उमटते, तुमच्या लाडक्या ३५ ने १ मिमी. ३५ ने १८ मिमी हवी असेल तर त्या पक्ष्यापासून दोन फुटांच्या आत जावं लागेल. कुठला जंगली पक्षी इतकं जवळ येऊ देईल?

त्यातही पक्षी उडाला की मगच त्याला त्रास झाला, असं नसतं. त्याआधी तो खाणं थांबवतो, मान ताठ करतो, तुमच्याकडे एकटक बघत राहतो. ते दिसलं की समजायचं, आपण केव्हाच मर्यादा ओलांडली आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तुम्ही 'छान जागेसकट' फोटो घेत उभे राहता तेवढा वेळ ती अंड्यांवरून उठून ओरडत फिरते आणि अंडी उन्हात भाजत असतात. कावळे हे सगळं बघत असतात ते वेगळंच. लांब लेन्स म्हणजे विकत घेतलेलं अंतर आहे. दोन किलो वजन हे त्याचं मोल. मी ते आनंदाने वाहते.

पायरस्ता

@खंड्यावाली, तुमच्या हिशेबात एक गृहीतक लपलंय: पक्षी फ्रेमभर हवाच. का? १ मिमी तर १ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये साधारण १६५ पिक्सेल बसतात. बगळा आहे हे ओळखायला तेवढे पुरतात, आणि त्याच्याभोवतीची लव्हाळी, चिखल, पलीकडचा काठ फुकट मिळतो. मला बगळ्याच्या डोळ्यातली चमक नकोय, बगळा कुठे राहतो ते हवंय. जवळ जा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उभे आहात तिथूनच काढा.

खंड्यावाली

तुम्ही उभे आहात तिथूनच काढाल हो. तुमचा सल्ला वाचून छोटा कॅमेरा घेणारे दहा जण काढतील का? ठिपक्याएवढा पक्षी बघून पहिल्याच दिवशी त्यांचे पाय पुढे सरकतील. सल्ला सगळ्यांसाठी असतो, एकट्या संयमी माणसासाठी नसतो.

वल्हेकर

तुम्ही दोघंही पाय जमिनीवर ठेवून बोलताय. होडीत बसून बघा, अर्धे नियम पाण्यात जातात.

पहिला नियम: शटरचा वेग फोकल लेंथच्या उलट, म्हणजे ३०० मिमीला १/३०० सेकंद. हा स्थिर उभ्या माणसाचा नियम. होडीत १/१००० च्या खाली मी जात नाही, लाट असेल तर आणखी वर, आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्यावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला फेकून द्यावा लागतो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं. होडी पुढे वाहतेय, पक्षी हलतोय, त्याचं काय? आणि ट्रायपॉड तर होडीत आणूच नये. होडीच डुलतेय तर तिच्यावर टेकवलेला ट्रायपॉडही डुलणारच, उलट आपलं शरीर जो धक्का गिळतं तो थेट कॅमेऱ्याला बसतो. कोपरं बरगड्यांना टेकवा, कमरेखालचं अंग होडीबरोबर हलू द्या, वरचं स्थिर ठेवा. जमायला वेळ लागतो.

पाण्यावरच्या चकाकीसाठी पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा चकाकी कापणारा फिल्टर) लावा म्हणून सगळे सांगतात. तो केव्हा लावायचा नाही हेही सांगा की. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून बघताना तो सर्वात जास्त चकाकी कापतो. सरळ खाली बघाल तर जवळपास काहीच नाही. वर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पहाटेच्या अंधुक उजेडात, जेव्हा १/१००० साठी एकेक किरण हवा असतो, तेव्हा तो खिशातच बरा.

फोनवाल्यांना एक सूचना. आयपी ६८ (फोनच्या धूळ-पाणीरोधकतेचा दर्जा) ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. खारट पाणी तिच्या हिशेबात नाही. खाडीत किंवा समुद्रात फोन भिजला तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

आता लांब की छोटी? होडीतून दोन्ही चालतात, कारण नजर पाण्याच्या पातळीला असते. डोळ्याच्या उंचीवरचा पाणपक्षी १०० मिमीनेही जिवंत वाटतो, काठावरून खाली बघत ६०० ने काढलेला नाही वाटत. शिवाय होडी म्हणजे फिरतं हाईड, प्राणी बघायला लपून बसायची जागा. वल्हं थांबवा, वाहू द्या, प्राणी घाबरत नाहीत. जॉर्ज शिरास नावाच्या अमेरिकन गृहस्थाने रात्री होडीतून हरणांचे फोटो काढले. पुढे दिवा, मागे कॅमेरा आणि फ्लॅश पावडरचा भडका. १९०६ साली नॅशनल जिओग्राफिकने त्याचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. तंत्र मूळचं शिकाऱ्यांचं, याने बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. वन्यजीव छायाचित्रणाची सुरुवातीची मोठी कामगिरी होडीतलीच आहे.

खंड्यावाली

@वल्हेकर, तांत्रिक भाग उत्तम. पण 'प्राणी घाबरत नाहीत' हे सरसकट विधान मागे घ्या. उलट मोठी यांत्रिक बोट लांबून ऐकू येते आणि उथळ पाण्यात शिरत नाही. तुमची गुपचूप येणारी कयाक (छोटी अरुंद होडी) काठाला चिकटून, लव्हाळ्यांत, थेट विणीच्या जागेत शिरते आणि पाच-सहा मीटरवर अचानक उगवते. पक्ष्याला तयारीला वेळच नाही. आवाज नाही म्हणजे त्रास नाही, हा होडीवाल्यांचा फार जुना गैरसमज आहे. आणि शिरासचा फ्लॅश पावडरचा भडका आज कुणी केला तर त्याच्या मागे लागणाऱ्यांत तुम्हीच पहिले असाल.

वल्हेकर

भडक्याबद्दल मान्य, समर्थन करतच नव्हतो. काठाबद्दल: विणीच्या दिवसांत मी काठ सोडून मधल्या धारेने जातो. सगळे जात नाहीत हेही खरं. पण मग दोष होडीचा की वल्हवणाऱ्याचा?

नुसताबघ

मजा वाटली. छोटी लेन्स की मोठी यावर एवढी चर्चा, आणि कॅमेराच नको असं कुणालाच सुचलं नाही. २०१४ साली लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा संग्रहालयात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या जास्त. कॅमेऱ्याने बघितलं की मेंदू म्हणतो, 'ठेवलंय ना जपून, मग मी कशाला लक्षात ठेवू?' जा, फिरा, बघा, या.

आकडेमोड

@नुसताबघ, त्याच प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग सोयीस्करपणे गाळलात. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांच्या स्मरणात अशी घट दिसली नाही. झूम न केलेला भागही त्यांना आठवत होता. म्हणजे नुसतं टिपत सुटणं वेगळं आणि काय टिपायचं ते ठरवून टिपणं वेगळं. पुढे २०१७ साली अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं आणि ऐकलेलं कमी.

हा दुसरा निष्कर्ष मला जास्त पटतो, कारण माझं अगदी तसंच होतं. फोटो काढलेल्या सकाळी कुठला पक्षी कुठल्या फांदीवर होता ते चित्रासारखं आठवतं, पण बेडूक ओरडत होते का विचारलंत तर सांगता येणार नाही.

(पायरस्ता, 'झूम' या शब्दावर उड्या मारू नका. तिथे कुणाच्या हातात ६०० मिमी नव्हती.)

नुसताबघ

ऐकलेलं कमी आठवतं, म्हणजे अर्धं जंगल गेलंच की. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे.

चेनतेल

सायकलबद्दल धागाकर्त्याशी अर्धा सहमत. छोटा कॅमेरा, बरोबर. ३५ मिमी, चूक. सायकलवरून रस्त्याकडेला थांबून ३५ ने काढलेल्या फोटोत अर्धी फ्रेम डांबर असतं आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतःची भिंतीला टेकवलेली सायकल. (असे फोटो माझ्याकडे एवढे आहेत की भिंतींवर प्रबंध होईल.) दूरची टेकडी आणि त्याखालचं वळण एकत्र आणायचं तर ७० ते १०० मिमी लागते.

पक्षीही हवे असतील तर मायक्रो फोर थर्ड्स (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) घ्या. त्यात ३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमच्या ६०० एवढाच कोन देते, आणि १०० ते ३०० मिमीची बरी झूम अर्ध्या किलोच्या आसपास येते. सेन्सर लहान, म्हणून कमी उजेडात मार खातो आणि मागचा धूर तितका दाट होत नाही. धुरावर चिडणाऱ्या धागाकर्त्याला तर हे आवडायलाच हवं.

कॅमेरा कुठे ठेवायचा? मागच्या पॅनियरमध्ये (चाकाशेजारी लटकणाऱ्या पिशवीत) कधीच नाही, खड्ड्यांचा सगळा मार तिथे बसतो. अंगावर ठेवा. पाठीवरच्या पिशवीत घाम लागतो, म्हणून आत ड्राय बॅग. फोन हँडलबारला लावत असाल तर ॲपलने २०२१ मध्येच सांगून ठेवलंय की मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनमधलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण दिवसभर खडबडीत वाट असेल तर मी फोन खिशातच ठेवते.

पायरस्ता

मायक्रो फोर थर्ड्सचा उपाय चांगला आहे, पण तो वजनावरचा उपाय आहे. माझं मूळ भांडण वजनाशी कमी, ४ अंशांशी जास्त. अर्ध्या किलोतून बघितलं तरी ते चारच अंश. हातात लांब नळी असली की डोळे लांबचंच शोधतात, पायाशी काय आहे ते राहून जातं. खंड्यावालींचं अंतराचं म्हणणं पक्ष्यांपुरतं मला पटतं. पण फेरफटका म्हणजे पक्षीच, हे कुणी ठरवलं?

खंड्यावाली

कुणीच नाही. पण पक्षी समोर आल्यावर तुमचा छोटा कॅमेरावाला काय करेल, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

आकडेमोड

दोघांनीही एक गोष्ट सोडली. घरट्याचा किंवा रातथाऱ्याचा (पक्षी रात्री मुक्काम करतात त्या जागेचा) फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका आणि फाइलमधला जीपीएस काढून टाका. ३५ ने काढलेल्या, 'जागेसकट'च्या फोटोत तर मागची टेकडी आणि झाड बघून ठिकाण ओळखता येतं. धूरवाल्या फोटोचा हा एक फायदा मानायलाच हवा.

पायरस्ता

हा मुद्दा चांगला सापडला. घरट्याचा फोटो मी टाकतच नाही, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न नाही. पण सल्ला सगळ्यांसाठी असतो हे वर ऐकवलं गेलंय, तेव्हा गप्प बसतो. या एकाच बाबतीत.

नवखा_नावाडी

भांडण चालू द्या, मला एक शंका आहे. होडीत पोलराइज्ड गॉगल लावला की कॅमेऱ्याची स्क्रीन मधेच काळी पडते. कॅमेरा बिघडलाय का?

वल्हेकर

नाही. स्क्रीनमधून येणारा उजेडही पोलराइज्ड असतो, दोन्ही आडवे-तिडवे आले की अंधार. कॅमेरा आडव्याचा उभा करून बघा, बहुतेक दिसू लागेल. नाहीतर फोटोपुरता गॉगल कपाळावर. आणि गॉगलला दोरी बांधा, तो तरंगत नाही.