मदत हवी आहे: १२-१३ वर्षांच्या पोरांची निवड नेमकी कशावर करायची?

नमस्कार मंडळी, मी लहान मुलांना स्प्रिंट शिकवतो, पुढच्या महिन्यात टेस्ट घेऊन मोजकीच मुलं वरच्या ट्रेनिंगला घ्यायचीत. गेल्या वेळची यादी परत काढून बघितली तर निम्म्याहून जास्त पोरं जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली निघाली, म्हणजे जी वयाने काही महिने मोठी तीच पुढे गेली, हे बघून खरंच वाईट वाटलं.

आता एक पोरगा आहे, ग्रुपमध्ये सगळ्यात बुटका, ३० मीटरला मागेच पडतो, पण शेवटच्या टप्प्यात पाय इतके मोकळे पडतात, मान खांदे एकदम सैल, आणि चूक सांगितली की पुढच्याच रनला सुधारून दाखवतो. आकड्यांत तो बसत नाही, सोडवतही नाही.

उंची, बसल्यावरची उंची, वजन आणि वय यावरून उंची झपाट्याने वाढायचा काळ किती लांब आहे त्याचा अंदाज काढतात (मुलींचा साधारण १२ला, मुलांचा १४च्या आसपास) ते माहितीये, पण फार लवकर किंवा उशिरा वाढणाऱ्यांत तो फॉर्म्युला चुकतो आणि मला नेमकी तीच पोरं ओळखायचीत. आणि उशिरा सापडलेलेही पुढे जातात, ब्रिटनची हेलन ग्लोव्हर तर २००८ मध्ये, विशी ओलांडल्यावर टॅलेंट शोधातून रोइंगला आली आणि २०१२ला ऑलिम्पिक गोल्ड!

तर कुणी वयाऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडून ट्रायल घेतलीये का? एका टेस्टऐवजी सहा महिन्यांतली सुधारणा कशी मोजता? आणि ज्यांना आत्ता घेता येत नाही त्यांना काय सांगता, म्हणजे ती पोरं खेळच सोडणार नाहीत?