एक्सोसोम म्हणजे पेशीचा कचरा की कुरिअर?

रात्रपाळी: बीएस्सी बायोटेक, सेकंड इयर. सर म्हणाले एक्सोसोम म्हणजे पेशीने बाहेर फेकलेला कचरा, आणि यूट्यूबवर जो तो म्हणतो की हे पेशींचं कुरिअर आहे. खरं काय धरू? आणि कुरिअर असेल तर पत्ता कुठे लिहिलेला असतो? त्यात आत्या केस गळतात म्हणून एका क्लिनिकमधे गेली तर तिलाही एक्सोसोमचं पॅकेज सांगितलंय, आता घरात सगळे मलाच विचारतायत.

जुनी_पिपेट: सर चुकले नाहीत, निम्मी गोष्ट सांगून थांबलेत. 1983 साली मॉन्ट्रियलला संशोधक रोझ जॉनस्टोन आणि तिकडे सेंट लुइसला दुसरा एक ग्रुप, दोघंही बघत होते की तांबडी पेशी पिकताना तिचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजे लोह आत घ्यायला लागणारं पडद्यावरचं प्रोटीन, जातो कुठे, कारण लोह आत घेऊन झालं की तो नकोच असतो. तर पेशीच्या आत एंडोसोम नावाची पिशवी असते, तिच्यात बारीक बारीक फुगे तयार होतात, मग ती पिशवी बाहेरच्या पडद्याला जाऊन चिकटते आणि फुगे बाहेर सांडतात. हे फुगे म्हणजेच एक्सोसोम, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरचे. म्हणजे सुरुवात कचऱ्यापासूनच झाली.

पण 2007 ला गोथेनबर्गच्या लोकांनी उंदराच्या मास्ट पेशींचे (अ‍ॅलर्जीत काम करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) एक्सोसोम माणसाच्या मास्ट पेशींना दिले, आणि माणसाच्या पेशींत उंदराची प्रोटीन्स सापडली! एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायची कृती, नुसता पोचला नाही, वाचलाही गेला. मला आजही हा प्रयोग भारी वाटतो.

खिचडी_विथ_तूप: वरच्याला जोडून. पूर्ण पत्ता वगैरे काही नसतो रे, पाकिटाच्या बाहेरची प्रोटीन्स कुठे चिकटतात त्यावर सगळं. कॅन्सर पेशींच्या एक्सोसोमवर इंटिग्रिन (चिकटायला मदत करणारं प्रोटीन) अल्फा-6-बीटा-4 असेल तर ते फुफ्फुसाकडे जास्त जातात, अल्फा-व्ही-बीटा-5 असेल तर यकृताकडे, हे 2015 मधे दाखवलंय.

आणि एक गोष्ट यूट्यूबवाले सांगत नाहीत, पेशीने गिळलेली बरीचशी पाकिटं लायसोसोममधे, म्हणजे पेशीच्या पचन करणाऱ्या पिशवीत, जाऊन पचूनच जातात, आतला माल सुटून बाहेर पडतो तो थोडाच. पण प्रत्येक वेळी पाकीट फोडावंच लागतं असंही नाही, बी पेशींच्या (टी पेशींसारख्याच रोगप्रतिकारक पेशी) एक्सोसोमवर अँटिजेन, म्हणजे जंतूसारख्या परक्या गोष्टीचा ओळखीचा तुकडा, बाहेरच लटकवलेला असतो, टी पेशीला नुसता तो दिसला तरी ती जागी होते, कडी वाजवली की काम झालं.

रात्रपाळी: आता कळलं, थँक्यू दोघांना. पण आत्याला काय सांगू?

जुनी_पिपेट: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, 2019 मधेच इशारा दिला होता की एकही एक्सोसोम प्रॉडक्ट मंजूर केलेलं नाही. कुठल्या पेशींचे आहेत, मोजले कुणी, एवढं आधी विचारायला सांग.

रात्रपाळी: विचारलं तिने. बाटलीवर गुलाबाचं चित्र आहे म्हणे.

खिचडी_विथ_तूप: गुलाबाच्या पेशी आत्याच्या केसांना काय निरोप देणार बाबा 😂