'संशयकल्लोळ' परभणीच्या बोलीत: देवलांची भाषा बदलावी का?

पूर्णाकाठ
आमच्या परभणीच्या हौशी मंडळींनी परवा एका शाळेच्या सभागृहात गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' हे नाटक केलं, आणि तेही सगळं इथल्या बोलीत. त्यावरून गावात दोन तट पडलेत. माझ्या मते केलं ते योग्यच केलं. फ्रेंच नाटककार मोलियरनं १६६० साली पॅरिसमध्ये 'स्गानारेल' रंगवलं, आर्थर मर्फीनं त्यावरून लंडनसाठी १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' रचलं आणि देवलांनी १८९३ ला त्याचं मराठीत 'फाल्गुनराव' केलं; तेच पुढं 'संशयकल्लोळ' झालं. माणसं बदलली, घरं बदलली, बोलणं बदललं. मग आमच्या दारात आल्यावरच भाषा कामून अडवायची? नाटकातली नायिका रेवती उन्हानं भोवळ येऊन पडली तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एक आजी "अगं, पाणी द्या की तिला कुणीतरी!" म्हणत उभ्याच राहिल्या. नाटक आपल्यातलं वाटल्याशिवाय असं होत नाही.

नांदेडचा प्रेक्षक
मीही त्याच प्रयोगाला होतो. आजी उठल्या त्या उन्हापायी, बोलीपायी नाही. परभणीच्या मे महिन्यात भोवळ कुणालाही कळते.
नाटकातला संशयी नवरा फाल्गुनराव आतून जळतो, पण वरून रीत सांभाळतो, आणि हसू त्या ओढाताणीतून येतं. बायकोच्या, कृत्तिकेच्या, हातात परपुरुषाची तसबीर दिसल्यावर त्यानं आधी लपून बघायचं, मनात हिशेब मांडायचा. इथं नटानं येताक्षणी "कुणाचा फोटू बघायलीस गं?" म्हणून आवाज चढवला. टाळी पडली, प्रसंग मात्र गेला. त्याचा गडी भादव्या तर मालकाशी मालकाच्याच सुरात बोलत होता. चाकर कोण, धनी कोण हे कळलंच नाही, तर शिष्टाचाराचं नाटक उरतं कुठं? त्याचा फार्स होतो.

औंढ्याची लेक
तसबिरीच्या प्रसंगाबद्दल तुमचं पटलं. पण बोलीत अदब नसते हे कुणी ठरवलं? १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चालायचा. वाड्यातल्या जुन्या माणसांच्या मराठीत ती नजाकत मुरलेली होती. गडी "जी मालक" म्हणायचा, सून सासऱ्यासमोर बोलायचीच नाही, बायको नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. एवढ्या पायऱ्या आमच्या बोलीत आहेत. रूपांतर करणाऱ्यानं त्या वापरल्या नाहीत, त्याला बोली काय करणार?
आणखी एक. रंगमंचावर आमची बोली बहुतेकदा गड्याच्या किंवा बावळटाच्या तोंडी ऐकली. परवा पैसेवाला फाल्गुनराव आणि रेवतीचा प्रियकर, शिकलेला अश्विनशेठ ती बोलले. माझ्या शेजारची कॉलेजची पोर ताठ बसून ऐकत होती. हे मला फार मोलाचं वाटतं.

पेटीवाला
भाषेवर एवढं चाललंय, गाण्यांचं काय? १९१६ ला गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक संगीत रूपात आणलं आणि तेव्हापासून ते गाण्यांवर उभं आहे. परवा जेमतेम चार-पाच पदं झाली, तीही एकेक कडवं. रेवती गाणारी आहे, नायकिणीच्या घरातली आहे, म्हणून तर अश्विनशेठच्या मनात संशयाला जागा मिळते. तिचं गाणं कापलं की ती नुसती रुसणारी प्रेयसी होते.

पूर्णाकाठ
पेटीवाले, गाणारी मुलगी मिळणं सोपं नाही हो. हौशी मंडळाला तालमीला संध्याकाळचे दोन तास मिळतात. शिवाय 'फाल्गुनराव' मुळात गद्यच होतं. औंढ्याच्या ताईंचं मात्र मंडळाला कळवतो. भादव्याचे संवाद नव्यानं बसवता येतील.

नांदेडचा प्रेक्षक
भादव्या सुधारा आणि फाल्गुनरावाला थांबायला शिकवा, मी तिकीट काढून परत येतो. तरी देवलांची वाक्यं जशीच्या तशी म्हणणारा एक प्रयोग मराठवाड्यात व्हायलाच हवा. ती वाक्यं आपल्या पोरांच्या जिभेवर बसणार नाहीत असं धरून चालणं मला मान्य नाही.

औंढ्याची लेक
बसतील की. पण मग बोलीतला प्रयोग बंद करू नका. दोन्ही करा, आणि बोलीतला आधी औंढ्याला आणा.