सरासरी नको, कमाल आकडा बघा

वर विचारलंय की सायक्लिकटेस्टमध्ये (लिनक्सवर ठरल्या वेळी उठायला थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका कामाला, किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) सरासरी 9 मायक्रोसेकंद उशीर येतोय, तरी रेकॉर्डिंग करताना आवाज का तुटतो. सरासरी बाजूला ठेवा. 48,000 हर्ट्झला 64 फ्रेमचा (आवाजाच्या नमुन्यांचा) बफर, म्हणजे तात्पुरता साठा, पुरतो जेमतेम 1.33 मिलिसेकंद. लाख वेळा थ्रेड वेळेवर उठला आणि एकदाच 2 मिलिसेकंद उशीर झाला, तरी तो 'टक्' कानाला लागतोच. म्हणून कमाल आकडाच बघायचा, तोही मशीनवर भरपूर लोड टाकून, काही तास चालवून.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सायक्लिकटेस्ट चालू असताना सीपीयू डीएमए लेटन्सीच्या फाइलमध्ये (प्रोसेसरला उठायला किती उशीर चालेल ते लिनक्सला सांगणारी फाइल) शून्य लिहून ठेवतो, त्यामुळे प्रोसेसर गाढ झोपेत जातच नाही. तुमचा ऑडिओ प्रोग्रॅम तसं करत नसेल, तर त्याला झोपेतून उठण्याचा वेळही भोगावा लागतो, आणि तो या चाचणीत कधीच दिसणार नाही!

मी तरी थेट खऱ्या प्रोग्रॅमवरच मोजतो. लिनक्सच्या पर्फ या मोजणीच्या साधनात 'पर्फ शेड रेकॉर्ड' (कुठला थ्रेड कधी चालला याची नोंद) करून मग 'पर्फ शेड टाइमहिस्ट'मध्ये ती नोंद ओळीओळीने बघा. त्यातला 'वेट टाइम'चा रकाना सोडा, त्यात थ्रेड स्वतःहून झोपलेला वेळही येतो. 'शेड डिले' बघा: थ्रेड जागा झाल्यापासून प्रत्यक्ष सीपीयू मिळेपर्यंतचा वेळ तो हाच. मोठा आकडा दिसला की त्या क्षणी त्या कोअरवर कोण चालू होतं ते वरच्याच ओळींत सापडतं.

कर्नल (लिनक्सचा गाभा) 6.12 किंवा पुढचा असेल तर प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे असा उशीर कमी करणारी कर्नलची सोय, आता मुख्य शाखेतच आहे, वेगळा पॅच लावायची गरज नाही. पण आधी मोजा, मग बदला.