खोट्या दागिन्यांची सफाई : तुमचं काय जमलं, काय बिघडलं?

गौरींचा डबा काढला आणि जीव खट्टू झाला. ठुशी तपकिरी पडलीये, पुतळीहाराच्या खाचांत हळदकुंकू वाळून बसलंय, एका झुमक्यावर हिरवी पूड. 'पाच मिनिटांत चकाचक' छाप उपाय नकोत. स्वतः केलेलं सांगा. बिघडलेलं आधी.

— बिघडलेलंच सांगते. सासूबाईंचा तन्मणी, मोती नकली. हाताशी सॅनिटायझर होतं, कापसावर घेऊन पुसला. मोत्यांचं सगळं तेज कापसावर आलं! नकली मोती म्हणजे काचेचा नाहीतर प्लॅस्टिकचा मणी आणि वरून चमकीचा लेप. सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, व्हिनेगर, काहीच लावू नका. आता जेमतेम ओल्या मलमलीनं पुसते, दोरा भिजू देत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

— गौरींच्या दागिन्यांना आधी पाणी नको. मी मुलाचा चित्रकलेचा मऊ ब्रश फिरवून हळदकुंकू कोरडंच झाडते. हळदीला साबण लागला की ती लाल होते. माझ्या ठुशीचा गोंडा अजून तसाच आहे. झाडून उरेल त्याला कोमट पाण्यात शाम्पूचा एक थेंब आणि घट्ट पिळलेलं फडकं. लगेच कोरडं पुसून रात्रभर पंख्याखाली.

— खड्यांचं असेल तर बुडवूच नका. बऱ्याच खड्यांमागे चमकीचा थर असतो. आत पाणी शिरलं की खडा काळवंडतो, मग काही करता येत नाही. गरम पाण्यानं डिंकही सुटतो. लेक भरतनाट्यम शिकते, तिचे डोक्यावरचे चंद्र-सूर्य मी विंगेतच पुसून घेते. घाम आणि मेकअप ताजा असताना कोरड्या फडक्यानं जातो. घरी गेल्यावर पुसू म्हटलं की दुसरा दिवस उजाडतो.

— बायकोला खूश करायला तिचे काळे पडलेले झुमके भांड्यांच्या पावडरीनं लख्ख केले. ते ऑक्सिडाइज्ड होते. काळे म्हणूनच घेतलेले. पुढचं लिहीत नाही.

— वरच्या दादांना सहानुभूती. टूथपेस्टही त्यातलीच बरं का, मुलामा खरवडून काढते. पाटल्यांवर करून बसलेय.

— हिरवी पूड म्हणजे आतल्या तांब्या-पितळेला चढलेला गंज, मुलामा गेला तिथे येतो. टूथपिकनं अलगद सुटी करायची, मग कापसाच्या काडीवर किंचित व्हिनेगर, तेही नुसत्या धातूवर. लगेच पाण्याची काडी, मग कोरडी. हिरवं जातं, सोनेरी रंग मात्र परत येत नाही. त्यासाठी पुन्हा पाणी चढवून घ्यावं लागतं. दोनशेच्या बांगड्यांना कोण देतंय, पण आईच्या मोहनमाळेला मी दिलं.

— कान चिघळत असतील तर धुऊन उपयोग नाही. माझ्या बाबतीत निकेलची अॅलर्जी निघाली. आकड्यांना रंगहीन नेलपॉलिश लावायचे, चार वेळा घातलं की निघायचं. शेवटी सोनाराकडून चांदीचे आकडे बसवून घेतले.

— आजीचा साज, तांब्यावर सोन्याचं पाणी दिलेला. सोनं रिठ्यानं उजळतं म्हणून मी तो उकळत्या रिठ्यात टाकला. मणी आतून लाखेनं भरलेले होते. लाख मऊ होऊन भोकांतून बाहेर आली, पोकळ मणी चेपले. जुन्या दागिन्याच्या आत काय भरलंय ते आधी बघा, एवढंच.

— ठेवताना प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी टाकत नाही, त्याच आत ठेवते. अत्तर आधी, दागिना नंतर.

मीच पुन्हा. झुमक्याची हिरवी पूड गेली, पुतळीहार ब्रशनंच निम्मा साफ झाला. ठुशीला हात लावला नाही. शेवंतीची वेणी जरा मोठी घेतलीये, झाकली जाईल.